शंभरीचं रहस्य विचारावं कुणाला?

१. पूर्वीची माणसं खरंच जास्त जगायची का?

शतायुषी माणसाची मुलाखत छापून आली की त्यात एक प्रश्न असतोच: तुमच्या दीर्घायुष्याचं रहस्य काय? उत्तरंही बहुतेक ओळखीची असतात. पहाटे उठणं, साजूक तूप, घरचं ताक, मनात काही न ठेवणं. एखादे आजोबा रोजच्या एका पेगचंही नाव घेतात. वाचणारा त्यातलं आपल्याला झेपेल तेवढं मनाशी टिपून घेतो. माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो, आणि या प्रकरणात मला तेच पटवून द्यायचं आहे. पण त्याआधी या प्रश्नाच्या मुळाशी असलेली एक समजूत तपासायला हवी. पूर्वीची माणसं सहज शंभरी गाठायची, आणि आपण त्यांचं खाणंपिणं सोडलं म्हणून आपली आयुष्यं आखूड झाली, असं आपल्याकडे अनेक जण मनापासून मानतात.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७० च्या घरात आहे. यावर कुणी विचारेल, मग तेव्हा तिशीतली माणसं म्हातारी होऊन मरत होती का? मुळीच नाही. सरासरी हा आकडा कसा बनतो ते एका छोट्या हिशेबातून कळेल. समजा, एका वाडीत दहा मुलं जन्मली. त्यातली तिघं एक वर्षाची होता होता गेली आणि उरलेली सात जणं ६५ वर्षं जगली. सात जणांची मिळून ४५५ वर्षं, तिघांची तीन, एकूण ४५८. दहाने भागलं की सरासरी येते ४५.८. आता ती तीन बाळंही वाचली आणि इतरांसारखीच ६५ वर्षं जगली असं धरा. सरासरी थेट ६५ होते. कुणाचंही म्हातारपण एका दिवसाने लांबलं नाही, तरी आयुर्मान १९ वर्षांनी वाढलं. आपल्या देशात झालेल्या वाढीचा फार मोठा वाटा असाच, लहान मुलं जगू लागल्यामुळे आला आहे. जुन्या घरांत एखादी नव्वदीची आजी असायची हे खरंच. तिची न जगलेली भावंडं मात्र कुणाच्या आठवणीत उरत नाहीत.

ही मुलं कशी वाचली, याचं एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं: बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं कशी ओळखायची आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं द्यायचं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही सेवा मिळालेल्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. हा आकडा ज्या गावांत अशी सेवा नव्हती त्यांच्याशी ताडून काढलेला आहे, हे लक्षात ठेवा. सगळ्या प्रकरणाचं मर्म त्या ताडून पाहण्यात आहे.

२. वय खरंच तेवढं होतं का?

दीर्घायुष्याची गावं शोधायची हौस जुनी आहे. १९७० च्या दशकात जगभर तीन नावं गाजत होती: कॉकेशस पर्वतातली खेडी, काश्मीरच्या उत्तरेचं हुंझा खोरं आणि दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातलं विल्काबाम्बा. अलेक्झांडर लीफ हे नामवंत अमेरिकी डॉक्टर तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन आले आणि भारावून परतले. पुढे विल्काबाम्बाला पुन्हा गेल्यावर, आधीच्या भेटीत १२१ वर्षांचा असलेला माणूस आता १३२ वर्षांचा असल्याचं त्यांना सांगण्यात आलं. मधे गेली होती चारच वर्षं. त्यानंतर संशोधकांनी चर्चमधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळल्या, तेव्हा गावात शंभरी ओलांडलेलं एकही माणूस सापडलं नाही. सर्वांत वयस्क व्यक्ती ९६ वर्षांची होती. कॉकेशसचं गूढ सोव्हिएत जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी उलगडलं. पहिल्या महायुद्धात आणि नंतरच्या धामधुमीत सैन्यभरती चुकवण्यासाठी अनेकांनी वडिलांची कागदपत्रं वापरली होती, आणि पुढे वडिलांचं वयच त्यांना चिकटलं. वय वाढवून सांगण्यात मान होता, शिवाय स्टालिन स्वतः कॉकेशसमधल्याच जॉर्जियाचा असल्याने तिथल्या दीर्घायुषी म्हाताऱ्यांच्या कथा सरकारलाही हव्या होत्या. दरम्यान, याच म्हाताऱ्यांना दाखवून अमेरिकेत दह्याच्या जाहिराती झाल्या. दही चांगलंच अन्न आहे. पण त्याने शंभरी गाठता येते या समजुतीला आधार होता तो या वाढवलेल्या वयांचा.

हे सगळं पन्नास वर्षांपूर्वीचं झालं, आता असं होत नाही, असं म्हणता येत नाही. २०१० मध्ये जपानमध्ये तपासणी झाली तेव्हा कुटुंबनोंदणीच्या दप्तरात शंभरीपुढच्या २ लाख ३० हजारांहून अधिक लोकांचा ठावठिकाणाच नव्हता. बहुतेक जण कित्येक वर्षांपूर्वी, काही तर युद्धकाळातच वारलेले होते. नोंद करायची राहून गेली होती. टोकियोत १११ वर्षांचे म्हणून नोंदलेले एक गृहस्थ सुमारे तीस वर्षांपूर्वीच घरात मरण पावले होते आणि पेन्शन मात्र चालू होती. याचा अर्थ जपानी लोक दीर्घायुषी नाहीत असा होत नाही, कारण आयुर्मान काढताना हे दप्तर वापरत नाहीत. एवढंच कळतं की अतिवृद्धांची संख्या फारच छोटी असते आणि तिच्यात थोड्या चुका मिसळल्या तरी सगळं चित्र बदलतं. दीर्घायुषी माणसांचे ‘ब्लू झोन’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या प्रदेशांवर संशोधक सॉल न्यूमन यांनी हाच आक्षेप घेतला आहे. अमेरिकेच्या ज्या राज्यांत जन्मदाखले नीट दिले जाऊ लागले, तिथे ११० वर्षांवरच्या माणसांची संख्या दोन तृतीयांशाहून अधिक घटली, असं त्यांनी मांडलं. या प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्यांचं उत्तर असं की, निदान सार्डिनियासारख्या ठिकाणी वयं चर्चच्या आणि नगरपालिकेच्या नोंदींवरून एकेक करून पडताळलेली आहेत. हे उत्तर मला वजनदार वाटतं. पण तेवढ्याने त्या प्रदेशांची जीवनशैली उचलून आपल्याकडे आणायला पुरेसा आधार मिळत नाही. त्यांच्यातलाच एक, १९८० च्या दशकात पुरुषांच्या आयुर्मानात जपानात पहिला असलेला ओकिनावा प्रांत २००० च्या आकडेवारीत ४७ प्रांतांत २६ वा ठरला आणि २०२० मध्ये ४३ वा. त्या बेटांवरच्या माणसांत काही जादू असती तर ती एका पिढीत उतरली नसती.

३. उभा राहिलेला माड

आता धरून चालू की वय खरं आहे, अगदी शंकेला जागा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ मध्ये जन्मले, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये, १०४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या आयुष्याची नोंद इतकी बारकाईने झाली आहे की वयाबद्दल वाद नाही. मग त्यांच्या खाण्यापिण्यातून, चालण्यातून आपण धडा घ्यावा का? परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला पायी गेले होते हे प्रसिद्धच आहे. पण त्या काळी कोकणातून घाटावर शिकायला निघालेल्या कितीतरी मुलांनी अशी पायपीट केली. तोच भात, तेच पोहे, तीच पहाटेची आंघोळ त्यांच्या पिढीतल्या हजारोंच्या वाट्याला होती. त्यातले बहुतेक साठीही न गाठता गेले. जी गोष्ट जगलेल्यांत आणि न जगलेल्यांत सारखीच आढळते, ती जगण्याचं कारण म्हणून दाखवता येत नाही.

कोकणात मोठं चक्रीवादळ येऊन गेल्यावर वाडीतले सगळे माड आडवे होतात आणि एखादाच उभा राहतो. त्या माडाला कोणतं खत घातलं होतं हे विचारून नवी लागवड करणारा बागायतदार शहाणा म्हणायचा का? पडलेल्या माडांनाही तेच खत घातलं असेल, तर त्या उत्तराला किंमत नाही. शतायुषींच्या मुलाखतींमध्ये पडलेले माड कधी दिसतच नाहीत. ते बोलायला उरलेले नसतात.

जगात सर्वांत जास्त काळ जगल्याची नोंद असलेल्या फ्रान्सच्या जान काल्माँ १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी वारल्या. त्या शंभरीनंतरही कित्येक वर्षं सिगारेट ओढत होत्या. यावरून सिगारेटची शिफारस कुणी करणार नाही. मग त्यांच्याच आवडीच्या ऑलिव्ह तेलाचं श्रेय तरी का द्यावं? अमेरिकेत ९५ वर्षांपुढच्या ४७७ ज्यू वृद्धांची जीवनशैली त्याच काळात जन्मलेल्या सामान्य लोकांशी ताडून पाहिली गेली. २०११ मध्ये आलेल्या या अभ्यासात वजन, धूम्रपान, मद्यपान, व्यायाम, आहार या बाबतींत दीर्घायुषी मंडळी इतरांपेक्षा अधिक शिस्तीची असल्याचं दिसलं नाही. त्यांच्या बाजूने बहुधा त्यांचा वंशवारसा काम करत होता. म्हणून मी म्हणतो की रहस्य विचारायला शतायुषी माणूस हा सर्वांत अपुरा साक्षीदार आहे. त्याच्या सवयी त्याला मारू शकल्या नाहीत, एवढंच त्याच्याकडून कळतं.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला: सगळं वारशावरच असेल तर पथ्यं पाळायची कशाला? डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात आयुष्याच्या लांबीतल्या फरकाचा सुमारे चौथा हिस्सा वारशाने आलेला आढळला. या आकड्यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे, पण तो दुप्पट धरला तरी उरलेला निम्मा भाग लहान नाही. शंभरी गाठायला वारसा लागत असेल. पन्नाशीत हृदयविकाराने न मरायला मात्र इतर गोष्टी लागतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांपुढे प्रश्न हा दुसराच आहे. दुसरा आक्षेप प्रत्येक घरात ऐकू येतो: आमचे आजोबा रोज दोन बंडल बिड्या ओढायचे, तरी नव्वदीपर्यंत खणखणीत होते. आजोबांबद्दल हे अगदी खरं असू शकतं. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू यांची पन्नास वर्षं नोंद ठेवली. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांपैकी निम्मे, कदाचित त्याहून जास्त, त्याच सवयीने मेले. म्हणजे बाकीचे त्या सवयीने मेले नाहीत, आणि तुमचे आजोबा त्या बाकीच्यांतले. त्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरलं. भारतातल्या मृत्यूंच्या मोठ्या पाहणीतून २००८ मध्ये असंच चित्र पुढे आलं: बिडी ओढणाऱ्या पुरुषांची सुमारे सहा, बायकांची आठ आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची दहा वर्षं जातात. डॉल यांच्या आकड्यांत दिलाशाचीही बाजू आहे. तिशीत सोडणाऱ्याने जवळपास सगळी दहा वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्याने सहा, साठीत सोडणाऱ्यानेही तीन.

४. गाजर आणि गाजरातली गोळी

आता थोडा अवघड भाग. डॉल यांनी जगलेले आणि गेलेले दोघेही मोजले, म्हणजे पडलेले माड हिशेबात घेतले. तरीही अशा पाहणीत एक फसगत उरते. दोन गोष्टी जोडीने दिसल्या की एक दुसरीचं कारण आहे असं वाटू लागतं. रोज थोडी वाइन पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असं अनेक वर्षं पाहण्यांत दिसत होतं आणि ते छापूनही येत होतं. मग कुणीतरी विचारलं, ‘न पिणारे’ म्हणजे कोण? त्यात आयुष्यभर न प्यायलेले होते, तसेच आजारी पडल्यावर डॉक्टरांनी बंद करायला लावलेलेही होते. हे दुसरे लोक वेगळे काढले, की थोड्या पिण्याचा फायदा बहुतेक विरून गेला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

मग कारण ओळखायचं कसं? यावर वैद्यकशास्त्राने शोधलेला उपाय साधा आहे: कुणी काय करायचं हे माणसांवर सोडायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं. मोठ्या संख्येने लोक घेतले आणि नशिबाने दोन गट पाडले, की श्रीमंत-गरीब, आजारी-निरोगी, काळजी घेणारे-न घेणारे दोन्हीकडे सारखेच विभागले जातात. मग एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण काहीच नसलेलं. पुढे जो फरक पडेल तो त्या औषधाचाच. या पद्धतीने सर्वांत मोठा धक्का कुठे दिला ते सांगण्यासारखं आहे. गाजर, भोपळा, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं पाहण्यांत दिसत होतं. गाजराला केशरी रंग देणारं बीटा-कॅरोटिन हेच संरक्षण करत असणार, असा तर्क होता आणि तो वाजवीही होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीतही वाढच दिसली, आणि १९९६ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली. भाज्या खाणारे निरोगी होते, पण गोळीत भरलेला एक घटक त्यांचं आरोग्य उचलून दुसऱ्याला देऊ शकला नाही. बीटा-कॅरोटिन हेही एक अँटिऑक्सिडंटच, म्हणून ‘अँटिऑक्सिडंट’ असं ठळक छापलेल्या प्रत्येक डबीपाशी या चाचण्या आठवाव्यात.

रोज दहा हजार पावलं चालण्याचा सल्लाही तपासण्याजोगा आहे. हा आकडा १९६५ मध्ये जपानी बाजारात आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. त्यामागे कोणताही अभ्यास नव्हता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार वयस्क बायकांची पावलं मोजली गेली. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फायदा दिसला नाही. ही चिठ्ठी टाकून केलेली चाचणी नव्हती. ज्यांना मुळातच बरं नाही त्या कमी चालतात, त्यामुळे ४१ टक्क्यांचं सगळं श्रेय चालण्याला देता येणार नाही. तरी चालण्याने रक्तदाब आणि साखर कमी होते हे चाचण्यांतही दिसलं आहे, म्हणून सल्ला टिकतो. आकडा सोडून द्यावा. गुडघे दुखणाऱ्या आजींनी दहा हजार होत नाहीत म्हणून चालणंच सोडलं, तर त्या आकड्याने नुकसान केलं असं म्हणावं लागेल.

५. शास्त्रज्ञ रोज मत बदलतात, मग आपलं जुनं काय वाईट?

हा राग मला समजतो. कालपर्यंत अंडं वाईट होतं, आज चांगलं. कुणी वैतागेल नाही तर काय? पण बदलतं काय ते बघा. बदलतात ते बहुतेक एकेका पदार्थाबद्दलचे, नुसत्या पाहणीवर उभे असलेले निष्कर्ष. तंबाखू घातक आहे हे सत्तर वर्षांत उलटलेलं नाही, वाढलेला रक्तदाब घातक आहे हेही नाही. भूमध्य समुद्राकाठच्या आहारावर स्पेनमध्ये झालेली प्रसिद्ध चाचणी २०१३ मध्ये छापली गेली. गट पाडताना काही ठिकाणी चिठ्ठीचा नियम पाळला नव्हता हे उघड झाल्यावर तिच्या लेखकांनी २०१८ मध्ये ती मागे घेतली आणि हिशेब दुरुस्त करून पुन्हा छापली. चूक जाहीर करण्याची ही सवय मला विश्वासाचं कारण वाटते.

परंपरेला माझा विरोध नाही. भूक ठेवून जेवावं, जेवून शतपावली करावी, हे सांगणाऱ्यांनी पुष्कळ पाहून ठेवलं होतं. मात्र चाचणी कोणाचंही गोत्र विचारत नाही. उपाय आयुर्वेदाचार्य वाग्भटाचा असो की बॉस्टनचा, परीक्षा एकच. ‘करून बघायला काय हरकत आहे?’ या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायलाच हवं, कारण हरकत असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्याहून मोठं नुकसान शांतपणे होतं: काढा सुरू केला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणारा माणूस काही महिन्यांनी पक्षाघाताने अंथरुणाला खिळतो, आणि दोष काढ्याला कुणीच देत नाही.

६. परीक्षेत टिकलेलं

मग उरतं काय? तंबाखू कोणत्याही रूपात नको. यात मिश्री आणि गुटखाही आला. रक्तदाब आणि साखर वेळेवर मोजून आटोक्यात ठेवणं, अंग हलतं ठेवणं, मीठ कमी खाणं, लसी, स्वच्छ पाणी. यादी अनाकर्षक वाटते, कारण यातल्या बहुतेक गोष्टी डबीत भरून विकता येत नाहीत. त्यातल्या मिठाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुरावा नवा आहे आणि लोणचं-पापड-चटणीच्या आपल्या ताटाशी त्याचा थेट संबंध आहे.

चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक चाचणी झाली. हे लोक पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठीपुढचे, रक्तदाब वाढलेले होते. चिठ्ठी टाकून निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना पाव भाग पोटॅशियमचं क्षार मिसळलेलं मीठ. सुमारे पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला: पक्षाघात १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. टक्केवारी ऐकून हुरळून जाऊ नये, म्हणून तीच गोष्ट माणसांत मोजू. नेहमीचं मीठ खाणाऱ्या हजार जणांत वर्षाला साधारण ४५ मृत्यू होत होते, बदललेलं मीठ खाणाऱ्यांत ३९. हजारात पाच-सहा माणसं. आकडा लहान दिसतो, पण तो फक्त डब्यातलं मीठ बदलून मिळाला, आणि खेडोपाडी कोट्यवधी माणसांना लागू होतो. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. एरवीच्या मिठासाठी मोठ्या माणसांना जागतिक आरोग्य संघटनेचं माप दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणच्या-पापडातलं मीठही मोजायचं.

पुढच्या वेळी दीर्घायुष्याचा सल्ला कानावर आला की तीन गोष्टी विचारा. हे करूनही जे लवकर गेले ते मोजले आहेत का? न करणाऱ्यांशी तुलना केली आहे का, आणि गट चिठ्ठी टाकून पाडले होते का? फायदा टक्क्यांत सांगत असतील तर हजारात किती माणसांना? आणि घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब या महिन्यात मोजून घ्या. वाढलेला रक्तदाब बहुतेकदा काहीच लक्षण दाखवत नाही, आणि जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तो मोजण्याचे पैसे पडत नाहीत.